फ्रेज्यूसची मिसिरी आणि आपला इतिहास

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहासाचा तास बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर येतो. अर्धा वर्ग पेंगत असतो, उरलेला अर्धा घंटेची वाट बघत असतो. अशाच एका दुपारी नववीतल्या एका मुलीने वहीत जपून ठेवलेले एक चित्र आमच्यापुढे धरले. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातून कापलेले. पाइनच्या झाडांमध्ये गेरूच्या रंगाची एक मशीद आणि तिचे निमुळते बुरूज. "सर, ये मस्जिद कहाँ की है?"

आम्ही ऐटीत सांगितले, "अफ्रीका की. माली देश की."

मुलीने चित्र उलटे केले. मागे बारीक अक्षरांत छापले होते: फ्रेज्यूस, फ्रान्स. वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण ती चूक मनातून जाईना. जे मशिदीसारखे दिसते ते युरोपात असूच शकत नाही, हे आम्ही न तपासता का गृहीत धरले? पुढचे काही महिने मिळतील ती पुस्तके, नकाशे आणि छायाचित्रे घेऊन आम्ही त्या गावात हिंडलो. तिकीट काढून जाणे आमच्या पगारात बसणारे नाही, पण शिक्षकाला नकाशावर चालायची सवय असते. त्या भटकंतीत जे सापडले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

फ्रेज्यूस हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, भूमध्य समुद्राकाठचे गाव. पूर्वेला एस्तरेलचे लालभडक खडक थेट निळ्या पाण्यात उतरतात, पश्चिमेला मोर नावाची गर्द झाडीची डोंगररांग. हा मोर पिसाऱ्याचा नव्हे, त्याच्याकडे पुढे येऊच. शेजारी सॅं राफाएल, आखातापलीकडे श्रीमंतांचे सॅं त्रोपे. उन्हाळ्यात इथे पर्यटकांची झुंबड उडते. त्यांना दाखवायला गावाजवळ दोन हजार वर्षांचा ऐवज आहे.

गावाचे जुने नाव फोरम युली, म्हणजे ज्युलियसचा बाजार. ज्युलियस सीझरच्या काळात, इसवी सनापूर्वी ४९ च्या सुमारास ते वसले. इ. स. पू. ३१ मध्ये अँक्टियमच्या लढाईत अँटनी आणि क्लिओपात्रा हरले. त्यांची पकडलेली जहाजे विजयी ऑक्टेव्हियनने याच बंदरात पाठवली, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे. या टॅसिटसचे सासरे, ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोला, इ. स. ४० मध्ये इथेच जन्मले. दहा हजार माणसे बसतील असे दगडी रंगमंडल आजही उभे आहे. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी चाळीसेक किलोमीटरवरून गावात आणणाऱ्या कालव्याच्या कमानी अजून झाडीत दिसतात. बंदर मात्र नाही. गाळाने ते बुजत गेले आणि समुद्र किलोमीटरभर मागे सरकला. बंदराच्या तोंडाशी असलेला, 'ऑगस्टसचा दिवा' म्हणून ओळखला जाणारा बुरूज आता कोरड्या जमिनीत उभा आहे. चौल आणि सोपारा पाहिलेल्या माणसाला गाळ काय करतो हे समजावून सांगावे लागत नाही.

आता त्या मोर डोंगराकडे वळू. आमच्यासारख्या वाचकाची पहिली परीक्षा इथेच होते.

नवव्या शतकाच्या अखेरीस, ८८७ ते ८८९ च्या दरम्यान, अंदलुसहून, म्हणजे मुस्लिम स्पेनहून आलेले वीसेक दर्यावर्दी या किनाऱ्याला लागले. डोंगरात त्यांनी ठाणे बसवले. लॅटिन ग्रंथांत त्याचे नाव फ्राक्सिनेतुम. अरब भूगोलकार इब्न हौकलने जबल अल-किलाल म्हणून ज्या जागेचे वर्णन केले, ती हीच असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे जवळजवळ शतकभर या लोकांचा दरारा आल्प्सच्या घाटांपर्यंत होता. त्यांनी गावे लुटली, माणसे धरून खंडणी वसूल केली. फ्रेज्यूसही उद्ध्वस्त झाले. जर्मन राजा ओटोने त्यांच्याविषयी गाऱ्हाणे मांडायला ९५३ मध्ये कॉर्दोबाच्या खलिफाकडे, तिसऱ्या अब्दुर्रहमानकडे, आपला दूत धाडला. ९७२ मध्ये या लोकांनी क्लुनीच्या मठाचा प्रमुख मायोल याला घाटात पकडले. तो त्या काळी फार मोठा माणूस. भारी खंडणी घेऊन त्याला सोडले, पण सगळा मुलूख चवताळून उठला आणि प्रोव्हान्सचा सरदार गिलोम याने त्यांचा पाडाव केला. त्यानंतर बिशप रिकुल्फने फ्रेज्यूस पुन्हा उभारले.

हे वाचताना आमचे मन दोन दिशांना ओढले गेले, हे कबूल केले पाहिजे. एक मन म्हणाले, बघा, आपले लोक आल्प्सपर्यंत पोहोचले होते! दुसरे मन चोरासारखे म्हणाले, हे पान वर्गात न उघडलेले बरे. दोन्ही मने चुकीचीच. वीस दर्यावर्द्यांनी अकराशे वर्षांपूर्वी केलेल्या लुटीचा मान आम्ही घ्यावा असे आमचे त्यांच्याशी काय नाते? आणि मान घ्यायचा नसेल, तर त्यांची लाज तरी आम्ही का वाहावी? नुसते नाव आणि कलमा सारखा आहे म्हणून कुणाच्या तलवारीचे वारस व्हायचे, ही सवय आपल्याकडे सगळ्याच समाजांत आहे. इतिहासाच्या शिक्षकाने ती आधी स्वतःची मोडावी.

शिवाय ही गोष्ट ज्या रंगात सांगितली जाते तो रंगही तपासावा लागतो. फ्राक्सिनेतुमची हकिगत आपल्यापर्यंत आली ती बरीचशी पाद्री लेखकांकडून. त्यांतला मुख्य लिउतप्रांद. ज्यांच्या मठांवर धाडी पडल्या त्यांनी ती लिहिली. त्या ठाण्यातल्या माणसांनी स्वतः लिहिलेले काही उरलेले नाही. पण समुद्राच्या तळाशी थोडे उरले आहे. सॅं राफाएलजवळच्या आगे इथे आणि कान शहरासमोर दहाव्या शतकातली मुस्लिम जहाजे बुडालेली सापडली. त्यांत रांजण होते, जाती होती, दिवे होते. म्हणजे या किनाऱ्यावर येणारे प्रत्येक गलबत लुटीलाच येत नव्हते. दळायची जाती घेऊन येणारा माणूस कुठेतरी भाकरी भाजून राहणार असतो.

ला गार्द-फ्रेने या गावावरच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोक ते 'सारासेनांचा किल्ला' म्हणून दाखवत आले. उत्खननात ते अवशेष त्या काळाचे नव्हेत, नंतरच्या शतकांतल्या ख्रिस्ती वस्तीचे निघाले. 'मोर' या नावाचेही तसेच. ते मूर लोकांवरून पडले असे लोक सांगतात, पण स्थानिक भाषेत 'मावरो' म्हणजे काळपट, दाट सावलीचे, आणि डोंगर खरोखरच तसा आहे. कुठलाही जुना पडका दगड आणि कुठलीही काळी सावली 'त्यांची' म्हणून सांगायची खोड फक्त आपल्याच मुलखात आहे असे समजायचे कारण नाही.

पुढच्या शतकांत हा किनारा आणि मुस्लिम जग पुन्हा पुन्हा समोरासमोर आले, आणि दर वेळी शत्रू म्हणूनच असे नाही. १५४३ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा आणि सुलतान सुलेमान यांची दोस्ती होती. खैरुद्दीन बार्बारोसाच्या आरमाराने फ्रेंचांबरोबर नीस शहराला वेढा घातला आणि मग राजाच्याच परवानगीने तुलों बंदरात हिवाळा काढला. त्यासाठी बहुतेक गावकऱ्यांना घरे रिकामी करायला लावली. कॅथलिक राजाचे गाव, त्यात तुर्की आरमार आणि बांगेचा आवाज. धर्मयुद्धाच्या सरळ रेषेत हे प्रकरण बसत नाही, म्हणून मुलांना ते मुद्दाम सांगावे.

९ ऑक्टोबर १७९९ रोजी नेपोलियन इजिप्तहून परतला आणि सॅं राफाएलच्या किनाऱ्यावर उतरला. तिथे त्याची आठवण म्हणून दगडी पिरॅमिड आहे. त्याच वर्षी जानेवारीत त्याने कैरोहून टिपू सुलतानला पत्र लिहिले होते. ते टिपूपर्यंत पोहोचलेच नाही, इंग्रजांच्या हाती पडले. नेपोलियनने या वाळूवर पाय ठेवला तेव्हा श्रीरंगपट्टण पडून आणि टिपू शहीद होऊन पाच महिने झाले होते. पिरॅमिडजवळ उभ्या राहणाऱ्या पर्यटकाला हे कोण सांगणार? आपल्या मुलांना मात्र आपण सांगू शकतो.

आता त्या लाल मशिदीकडे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींतून सुमारे दोन लाख माणसे सैन्यात भरती केली. त्यांना 'सेनेगाली तिरायर' म्हणत, पण त्यांत आजचे माली, गिनी, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, बेनिन अशा अनेक देशांचे लोक होते. कुणी खुशीने आले, पुष्कळांना जबरदस्तीने आणले. त्यांतले तीसेक हजार परतले नाहीत. उत्तर फ्रान्सची थंडी त्यांना सोसवेना, म्हणून हिवाळ्यात त्यांना आघाडीवरून काढून ऊबदार दक्षिणेत आणत. त्या हिवाळी छावण्यांचे मोठे केंद्र म्हणजे फ्रेज्यूस आणि सॅं राफाएल. १९१५ पासून इथे पाइनची झाडे तोडून बराकी उभ्या राहिल्या.

फ्रेज्यूसमध्ये तेव्हा ल्युसी कुस्तुरिए नावाची एक चित्रकार बाई राहत होती. छावणी शेजारी येणार म्हटल्यावर गावात भीती पसरली. काळे शिपाई चोऱ्या करतील, बायकांना छळतील, अशा कंड्या पिकल्या. प्रत्यक्षात जे आले ते थकलेले, अदबीने बोलणारे, घरापासून फार दूर पडलेले तरुण होते. सैन्याने त्यांच्यासाठी एक मोडकीतोडकी फ्रेंच भाषा ठरवून दिली होती. क्रियापदाला रूपे नाहीत, वाक्याला डौल नाही. १९१६ साली त्या भाषेचे छापील पुस्तकही काढले. या लोकांना याहून जास्त येणार नाही, असे गृहीतच होते. मग ती भाषा बोलली की लोक त्यांना हसत. ल्युसीबाईंनी आपल्या घरात त्यांना धड फ्रेंच लिहायला-वाचायला शिकवायला सुरुवात केली. एक आला, त्याने दुसऱ्याला आणले. १९२० साली तिने त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'माझ्या घरी अनोळखी माणसे' असा होतो. पुढे ती आपल्या विद्यार्थ्यांचा मुलूख पाहायला आफ्रिकेतही जाऊन आली. १९२५ मध्ये तिचे निधन झाले.

फ्रेज्यूसच्या सगळ्या इतिहासात आम्हांला सर्वांत जवळची वाटली ती ही बाई. आमच्या शाळेतली मुले बाजारात, बसमध्ये, सरकारी कचेरीत मराठी बोलू लागली की लोक गालात हसतात. 'तुमच्यात असेच बोलतात का?' असे विचारतात. शिकवणाराच जर म्हणाला की यांना एवढेच पुरे, तर ते मूल जन्मभर एवढेच बोलते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात ल्युसीबाईंचे नाव नव्हते. असते तर बरे झाले असते.

महायुद्ध संपले तरी छावण्या राहिल्या. अब्देल कादर मादेंबा या आफ्रिकी कॅप्टनच्या मनात आले की या शिपायांना गावाची आठवण देणारी एखादी जागा असावी. १९२८ ते १९३० या काळात शिपायांनी स्वतः ती बांधली. नमुना मालीतल्या जेने गावच्या प्रसिद्ध मशिदीचा. तिथली मशीद मातीची, इथली सिमेंटची, वरून गेरूचा रंग. अंगणात आफ्रिकेतल्यासारखी खोटी वारुळेसुद्धा केली. नाव 'मिसिरी'. बांबारा भाषेत मशिदीला मिसिरी म्हणतात, आणि तो शब्द अरबी 'मस्जिद'वरूनच आला आहे. परंतु ती रीतसर मशीद म्हणून बांधलेली नव्हे. जमायला, बसायला, घरच्यासारखे वाटायला केलेली ती वास्तू. घरापासून चार हजार किलोमीटरवर माणसाला ओळखीची सावली हवी असते, एवढाच तिचा अर्थ. १९८७ साली फ्रेंच सरकारने तिला ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घेतले. त्याच गावात व्हिएतनामी शिपायांनी १९१७ मध्ये बांधलेला बौद्ध पॅगोडाही आहे.

इथे एक गोष्ट मनाला टोचते. याच फ्रेज्यूसमध्ये तिथे राहणाऱ्या मुसलमानांनी खऱ्याखुऱ्या नमाजासाठी मशीद बांधली, तर नगरपालिकेशी वर्षानुवर्षे वाद चालला. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आदेश दिला तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये, तिचे दरवाजे उघडले. देखाव्याची मशीद वारसा ठरते आणि वापरातली मशीद अडचण. पण हेही लिहिले पाहिजे की अखेर दार उघडले ते त्याच देशाच्या कायद्याने.

१५ ऑगस्ट ही तारीख या किनाऱ्यालाही आहे. १९४४ साली त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या फौजा एस्तरेलच्या लाल खडकांखाली उतरल्या. मागोमाग आलेल्या फ्रेंच फौजेत मोठा भाग अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि पश्चिम आफ्रिकेच्या शिपायांचा होता. तुलों आणि मार्सेलिस त्यांनी सोडवले. हिवाळा आला तसे काळ्या शिपायांना आघाडीवरून काढून त्यांच्या जागी गोरे तरुण भरले. १ डिसेंबर १९४४ रोजी सेनेगलमधल्या थियारोय छावणीत, थकलेला पगार मागणाऱ्या परतलेल्या तिरायरांवर फ्रेंच सैन्यानेच गोळ्या झाडल्या. सरकारने मृतांचा आकडा अनेक वर्षे ३५ सांगितला. तो याहून बराच मोठा असल्याचे अनेक इतिहासकारांचे म्हणणे आहे. त्यांतल्या सहा जणांना 'फ्रान्ससाठी मृत्यू' हा सन्मान मिळाला तो २०२४ मध्ये, ऐंशी वर्षांनी. वसाहती स्वतंत्र झाल्यावर तिथल्या माजी शिपायांचे निवृत्तिवेतन गोठवले होते. ती विषमता हटवायची मोठी पावले २००६ आणि २०१० मध्ये पडली. तोवर बहुतेक म्हातारे कबरीत गेले होते. सॅं राफाएलजवळ बूलूरीच्या लष्करी दफनभूमीत ४६४ शिपाई विसावले आहेत. त्यांत मुस्लिम कबरीही आहेत.

गावातून उत्तरेला रेरां नदीच्या खोऱ्यात फिरायला जाणाऱ्यांना काँक्रीटचे प्रचंड तुकडे पडलेले दिसतात. ते मालपासे धरण. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री ते फुटले आणि ४२३ माणसे गेली. पुण्याच्या माणसाला पानशेत आठवेल. ते १२ जुलै १९६१ चे, म्हणजे दोन वर्षांच्या आतले. मालपासेनंतर एका गर्भवती तरुणीने आपल्या मृत वाग्दत्ताशी लग्न लावू द्या, अशी मागणी केली आणि फ्रान्सने त्यासाठी कायदा केला. धरण का फुटले? डाव्या काठाखालचा खडक कमकुवत होता, पाण्याच्या दाबाने तो उचलला गेला, असे अभियंत्यांच्या तपासाने दाखवले. तरीही २०१३ मध्ये एका माहितीपटात दावा झाला की अल्जीरियाच्या स्वातंत्र्यसैनिकांनी ते उडवले असावे. खडकाची साक्ष वेगळी होती, पण पन्नास वर्षांनीसुद्धा संशयाला ओळखीचा पत्ता सापडला. पडक्या किल्ल्याची गोष्ट आणि फुटक्या धरणाची गोष्ट आम्हांला एकाच वहीत लिहावीशी वाटते.

आमचे पणजोबा कोकणातून मुंबईत येऊन विलायती आगबोटीवर खलाशी झाले. बोट मार्सेलिसच्या धक्क्याला लागे, एवढे घरात ऐकिवात आहे. मार्सेलिस म्हटले की मराठी वाचकाला १९१० ची सावरकरांची उडी आठवते. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी तिथेच उतरल्याचे थोड्यांना माहीत असते. बोटीच्या पोटात कोळसा ओढणारे कोकणी मुसलमान मात्र कुणालाच आठवत नाहीत. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांचा पगार कितीतरी कमी असे. पणजोबांच्या नोकरीच्या पुस्तकात सहीच्या जागी अंगठा आहे. त्यांना कुणी ल्युसीबाई भेटली नाही.

म्हणून आपले कोण, या प्रश्नाचे आम्हांला सापडलेले उत्तर साधे आहे. फ्राक्सिनेतुमचे धाडसी लुटारू आमचे नव्हेत. परक्या थंडीत मिसिरीच्या भिंती लिंपणारा शिपाई, तो मुसलमान असो वा नसो, आमच्या पणजोबांचा भाऊबंद आहे. शेजारी पॅगोडा बांधणारा व्हिएतनामीही आहे. आणि अनोळखी माणसांना घरात घेऊन अक्षरे गिरवून घेणारी ती फ्रेंच बाईसुद्धा.

त्या मुलीचे चित्र आता वर्गाच्या भिंतीवर आहे. खाली काय लिहायचे यावर तासभर चर्चा झाली. कुणी म्हणाले 'आफ्रिकन मस्जिद', कुणी म्हणाले 'फ्रान्स की मस्जिद'. शेवटी तिनेच उर्दूत आणि मराठीत, दोन्ही लिप्यांत लिहिले: 'मिसिरी, फ्रेज्यूस. बांधकाम १९२८ ते १९३०. बांधणारे: घरापासून दूर असलेले शिपाई.' मराठीत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. त्या आम्ही तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतल्या.